अळवासाठी पाणी

अमेरिकेतल्या फिनिक्सच्या नळाचं पाणी आधीपासूनच माझ्या ओळखीचं होतं. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणायचे. साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही. ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नात सुफेन आणि दुष्फेन असे दोन रकाने आखून मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. पुढे आपल्याला त्यातल्या दुसऱ्या रकान्यात राहायला जावं लागेल, अशी शंका तेव्हा आली नव्हती.

माझी केटली वर्षभरात आतून चुन्याच्या गुहेसारखी झाली. धुतलेले ग्लास ताकाचे वाटायचे. उन्हाळ्यात तर गार पाण्याचा नळ सोडला तरी कोमट पाणी यायचं. म्हणजे तक्रार करायला दोन स्वतंत्र कारणं होती.

नवरा दूर उत्तरेला, सदा पावसाच्या रेडमंडला होता. आमचं लग्न पुण्यात झालं आणि संसार विमानतळांवर. त्याची ग्रीन कार्डाची फाइल त्याच्या कंपनीने लावली होती आणि नोकरी बदलली की रांगेत पुन्हा शेवटी जाऊन उभं राहायचं, असा नियम होता. मी माझा व्हिसा सोडून त्याच्या व्हिसावर गेले तर मला नोकरी करायची मुभा नव्हती. त्यामुळे तो त्याच्या पावसात आणि मी माझ्या वाळवंटात. तुम्ही दोघं एका घरात कधी राहणार, हे आम्ही दोघं सोडून सगळे विचारायचे. आम्ही विचारत नव्हतो, कारण उत्तर आमच्या हातात नव्हतं आणि ज्यांच्या हातात होतं त्यांचा फोन लागत नसे.

आमचा फोन मात्र रविवारी सकाळी ठरलेला. अशाच एका रविवारी तो एकदम म्हणाला, “लग्नात अळूची भाजी कशी होती गं?”

“मला काय विचारतोस? तूही होतास की तिथे.”

“होतो, पण खाल्ली कुठे? पहिला घास घेणार एवढ्यात तुझ्या मामांनी उठवलं. म्हणे, कोणीतरी साहेब आलेत, त्यांच्याबरोबर फोटो काढायचाय. परत आलो तर पान उचललेलं.”

साहेब कोण होते ते आजतागायत कळलेलं नाही. अल्बममध्ये ते आमच्या दोघांच्या मधोमध उभे आहेत.

म्हणून मी अळू लावायचं ठरवलं. तो इथे कायमचा येईल तेव्हा येईल, पण आला की त्या राहिलेल्या पानातली भाजी त्याला वाढायची. एडिसनला राहणारी माझी मैत्रीण सांगायची की तिच्याकडे ओक ट्री रोडच्या भारतीय बाजारात अळूची पानं जुडीने मिळतात. आमच्या इंडियन स्टोअरमध्ये मात्र फ्रोझन मटार हीच काय ती हिरवाई होती. अडचण अशी की माझ्या अपार्टमेंटच्या बाल्कनीत माती ठेवायला बंदी होती. आधीच्या भाडेकरूच्या कुंड्यांमधला चिखल खालच्या बाईच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळला होता आणि मॅनेजरने तेव्हापासून सगळ्या मातीवरच राग धरला होता.

माती नको तर नको, हे मला मराठी मंडळाने शिकवलं. संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटून झाल्यावर एका काकांचं व्याख्यान होतं. काका आयुष्यभर एअर कंडिशनिंगमध्ये होते, रिटायर झाल्यावर गॅरेजमध्ये पाइप लावून त्यांत भाज्या करायला लागले होते. सूत्रसंचालिकेने त्यांची ओळख ‘अरिझोनातील कृषिक्रांतीचे प्रणेते’ अशी करून दिली. शाल झाली, श्रीफळ झालं, मग दिवे मालवून पडद्यावर लेट्यूसचे फोटो आले. “मातीचे दिवस आता संपले,” काका म्हणाले. हॉलच्या शेवटच्या रांगेत शेतकऱ्याच्या घरातली दोन-तीन मुलं बसली होती. ती एकमेकांकडे पाहून हसली.

मी विचारलं, “काका, पाणी कुठलं घालायचं?”

“पाण्यासारखं पाणी. नळाचं!” टाळ्या पडल्या. त्या उत्तराला का पडल्या, ते मला कळलं नाही, पण मीही वाजवल्या.

सामान घ्यायला मी एका दुकानात गेले. तिथे माती सोडून शेतीचं सगळं मिळत होतं. काउंटरवरच्या पोराच्या कानात तीन डूल होते. मला पाण्यात विरघळणारं खत हवं होतं. त्याने विचारलं, “काय लावताय?” मी म्हटलं, अळू, पानांची भाजी करतात, मोठी हिरवी पानं असतात. तो समजूतदारपणे हसला. “इथे सगळे टोमॅटोच लावतात, मॅडम,” तो म्हणाला आणि कोणी ऐकत नाही ना ते पाहून खताची पिशवी तपकिरी कागदात गुंडाळून दिली. गांजा पिकवणारी बाई म्हणून मला मिळालेला तो आदर इंजिनिअर म्हणून अमेरिकेत कधी मिळाला नव्हता.

चिनी दुकानातून अळकुड्या आणल्या. कपडे ठेवायचा प्लास्टिकचा टब, झाकणाला भोकं, भोकांत जाळीचे कप, त्यांत भाजलेल्या मातीच्या गोट्या. ही माती भाजलेली असल्यामुळे मॅनेजरच्या व्याख्येत बसत नव्हती. पाण्यात हवा सोडायला फिश टँकचा पंप. तो दिवसभर गुरगुरत असे. एकटीच्या घरात तेवढाच आवाज बरा वाटे. आईला फोनवर सांगितलं की पाणी टबात घालायच्या आधी एक रात्र उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो.

“म्हणजे शिळं पाणी घालायचं झाडाला?” आई म्हणाली. आमच्याकडे सकाळी उठून पहिलं काम म्हणजे रात्रीचं पाणी ओतून देणं आणि पिंप, कळशी, तांब्या, सगळं ताजं भरणं. नळ दिवसभर वाहत असला तरी. शिळं अन्न एक वेळ चालेल, शिळं पाणी नाही.

“अमेरिकेत असंच करतात,” मी म्हटलं. आईशी वाद मिटवायला हे वाक्य फार कामी येई.

पहिलं पान सुरळी करून वर आलं आणि दोन दिवसांनी उलगडलं. देठ काळपट होता, म्हणजे वड्यांनाही चालणारं. त्या रविवारपासून नवरा फोनवर आधी तेच विचारायचा. “किती पानं झाली?” चार झाली, पाच झाली. मला वाटतं, आम्हाला दुसरा जो प्रश्न विचारायचा होता तो आम्ही या प्रश्नात घालून विचारत होतो. निदान याचं उत्तर वाढत तरी होतं.

सहाव्या पानापासून पिवळेपणा आला. शिरा हिरव्या आणि मधला सगळा भाग पिवळा, नद्या दाखवलेल्या नकाशासारखं पान. टबाच्या कडेला पांढरी रेघ बसली होती, गोट्यांवर मीठ शिंपडल्यासारखं दिसत होतं. मी लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं. कठीण पाण्यात खतातलं लोह असतं तसंच राहतं, झाडाला ते घेता येत नाही.

“म्हणजे आहे, पण मिळत नाही,” नवरा म्हणाला.

“हो.”

“ओळखीचं वाटतंय.”

पुस्तकात लिहिलं होतं की पाण्यात थोडं आम्ल घालावं. मी मराठी बाई. अळू आणि आंबट हे दोन शब्द एकत्र आले की माझा हात चिंचेकडे जाणारच. चांगला घट्ट कोळ काढून मी टबात ओतला. फिश टँकच्या दुकानातून आणलेली, आम्ल मोजायची कागदाची पट्टी बुडवून पाहिली तर रंग हवा तसा आला. मी खूश. तिसऱ्या दिवशी टबाला ताडीचा वास यायला लागला, पाण्यावर तवंग आला, मुळं बुळबुळीत झाली आणि बाल्कनीत कुठून कुठून चिलटं जमली. अळवाला चिंच लागते हे खरं आहे. फक्त अळू आधी तोडावं लागतं.

मग मी काकांना फोन केला. ते म्हणाले, “अगं, मग आमच्याकडून पाणी घेऊन जा. आम्ही घराला सॉफ्टनर बसवलाय. मऊ म्हणजे काय, लोण्यासारखं पाणी!” त्यांचं घर मोठं होतं, तलावासकट. गॅरेजमध्ये व्याख्यानातले पाइप होते. त्यांच्यातल्या लेट्यूसची तब्येत फोटोतल्यापेक्षा बरीच नरम होती. कोपऱ्यात मिठाची पोती एकावर एक रचलेली होती.

“काका, हे मीठ कशाला?”

“सॉफ्टनरला. मशीन आपोआप घेतं. तुला ते टेक्निकल आहे, सोड.”

मी कॅन भरत असताना काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “आमटीला घेऊ नकोस हं ते पाणी,” त्या म्हणाल्या. “मी आमटीला दुकानातून आणते.”

“पाण्याचं तिचं काहीतरी वेगळंच असतं,” काका म्हणाले.

“तुमच्या लेट्यूसचं पण वेगळं असतं. मागच्या वेळी फोटो काढायच्या दिवशी बाजारातून कोणी आणलं होतं?”

काका पाइपांची चर्चा करायला पुढे गेले. मी ते पाणी नेऊन टबात घातलं, कारण मान मोडून दोन कॅन वाहिल्यावर माणूस विचार करत नाही. आठवड्याभरात पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी झाल्या. पाण्याचा कठीणपणा काढून त्याच्या जागी सोडियम घालायचा, एवढंच ते मशीन करत होतं. एक पान उरलं. रविवारी नवऱ्याने विचारलं, किती, तेव्हा मी म्हटलं, “आहेत.”

त्या हिवाळ्यात मी रेडमंडला गेले. तिकडे सतत पाऊस पडत होता. आपल्याकडच्यासारखा वाजत-गाजत नव्हे, ऑफिसला जाणाऱ्या माणसासारखा, रोज, वेळेवर, कंटाळलेला. त्याच्या घरात एक खुर्ची होती. एक ताट, एक वाटी, एक पेला. मी गेले की तो पातेल्यात जेवायचा. पहिल्या दिवशी अंघोळ करताना साबण अंगावरून जाईनाच. कितीही पाणी घेतलं तरी निसरडंच. मी बाहेर येऊन म्हटलं, “तुझ्याकडचं पाणी बिघडलंय.”

“चांगलं पाणी असंच असतं,” तो म्हणाला. “तू विसरलीस.”

वरण लावलं, तर नेहमीच्या शिट्ट्या होईपर्यंत डाळीचं पार पीठ झालं. त्याची केटली मी आत बोट घालून पाहिली. आरशासारखी. खिडकीबाहेर दुपारी दिवे लागले होते. अळू इथे लावलं असतं तर मुळं सुखात राहिली असती आणि पानं उन्हाची वाट बघत बसली असती. सगळं ऊन माझ्याकडे होतं, आणि पाणी याच्याकडे. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं की ते एखाद्या भाषणासारखं वाटलं असतं.

तो मार्चमध्ये फिनिक्सला आला तेव्हा त्याच्या हातात गॅलनचा कॅन होता. दुकानातला, निळ्या झाकणाचा, वर बर्फाच्या डोंगराचं चित्र. मूळचं पाणी त्याने पिऊन संपवलं होतं आणि आत घरच्या नळाचं भरलं होतं.

“विमानात कसं आणू दिलं?”

“तिथल्या माणसाने विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं पाणी. तो म्हणाला, फिनिक्समध्ये पाणी मिळतं. मी म्हटलं, तुम्ही पिऊन पाहिलंय का? तो म्हणाला, माझी सासू राहते तिकडे, जा तुम्ही.”

पुढे काही वर्षांनी विमानात पाण्याची बाटली नेणं हाच अपराध ठरला. तेव्हा मात्र माणूस मांडीवर नदी घेऊन बसू शकत होता. त्याने तो कॅन टबाच्या शेजारी ठेवला आणि म्हणाला, “रोज थोडं थोडं घाल.”

मी हो म्हटलं. पण ते पाणी मी घातलं नाही. मनात हिशेब असा होता की एका कॅनने टबाला काय होणार. हिशेब बरोबरच होता, तरी तो खरं कारण नव्हता. झाकणावरची चिकटपट्टी त्याने स्वतः गुंडाळली होती, गरजेपेक्षा तिप्पट. त्याला कुठलीही गोष्ट बांधताना विश्वासच वाटत नाही. ती मला सोडवेना.

टबाचा प्रश्न शेवटी काकू आमटीला पाणी आणायच्या तसल्या दुकानाने सोडवला. आमच्या भागात, लॉन्ड्री आणि नखं रंगवायच्या दुकानाच्या मध्ये, नुसतं पाणी विकणारं दुकान होतं. वाळवंटात ते सहज खपून जातं. भिंतीत नळ, नाणी टाकायची, आपला कॅन लावायचा. तिथलं पाणी इतकं गाळलेलं असे की त्यात काहीच उरत नसे, आणि नुसतं तेही झाडाला चालत नाही, हे मला आणखी एक पान घालवून कळलं. शेवटी अर्धं दुकानाचं, अर्धं नळाचं, असं जमलं. शनिवारी सकाळी मी कॅन घेऊन रांगेत उभी राहायची. पुढे-मागे मेक्सिकन कुटुंबं असत, नवरा कॅन भरतोय, बायको गाडीत ठेवतेय. मी दोन्ही करायची.

अळू मात्र माजलं. उन्हाळ्यात बाल्कनीच्या कठड्याबाहेर पानं डोकावायला लागली. पाणी तापू नये म्हणून बर्फाच्या बाटल्या टबात सोडायची, आणि ते गटागट पीत असल्यासारखं वाढायचं. खाजरंही निघालं नाही. नवऱ्याचं मात्र असं की त्याच्या कंपनीचं काहीतरी जगाला बदलणारं दर उन्हाळ्यात बाजारात यायचं असे, आणि त्यामुळे उन्हाळ्यात त्याला सुटी नसे. तो यायचा नाताळात, तेव्हा अळू झोपलेलं असायचं. वड्या मी वाफवून गोठवून ठेवायची. त्या तळून दिल्या की तो खूश व्हायचा. पण भाजी गोठवली की तिचा लगदा होतो. ती राहिली. मी एकटीसाठीही कधी केली नाही. शेजारच्या केरळच्या मुलीला पानं द्यायची, ऑफिसात वड्या न्यायची, आणि रविवारी त्याला सांगायची, “बावीस झाली.”

“बापरे. मग मी तिकडे आलो की मला बसायला जागा?”

“टबात.”

कॅन तिथेच होता. निळं झाकण उन्हाने फिकं झालं, डोंगर पांढुरका पडला. त्याच्या शेजारी मी शनिवारचे कॅन आणून ठेवायची, भरायची, रिकामे करायची. तो तसाच. कामवाल्या बाईसारखी मी रोज त्याच्याभोवतीने फरशी पुसायची.

त्याच्या कागदांनी अखेर ती पायरी ओलांडली, जिच्यानंतर नोकरी बदलता येते. त्याने फिनिक्सला नोकरी शोधली आणि मे महिन्यात एका भाड्याच्या ट्रकमधून आला, एका खुर्चीसकट. बाल्कनीत अळू पूर्ण भरात होतं. त्याने ते दारात उभं राहून बराच वेळ पाहिलं. मग कंबरेवर हात ठेवून पानं मोजली.

मी संध्याकाळीच चण्याची डाळ आणि शेंगदाणे भिजत घातले. दुसऱ्या दिवशी भाजी करायची होती.

सकाळी मला पाण्याच्या आवाजाने जाग आली. एरवी माझ्या घरात मी सोडून कोणी नळ सोडत नसे. क्षणभर मला काहीतरी फुटलं असंच वाटलं. उठून गेले तर तो सिंकपाशी. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, अगदी त्याचे वडील सकाळी उभे राहायचे तसा. शनिवारचे सगळे कॅन ओट्यावर ओळीने. शेवटचा त्याच्या हातात उलटा होता, आणि पाणी घळाघळा सिंकमध्ये जात होतं. चिकटपट्टी ओट्यावर, कात्रीजवळ.

“सगळं शिळं पाणी साठवून ठेवलं होतंस,” तो म्हणाला. “ताजं भरतोय. भिजवलेल्या डाळीचंही बदललं.”

मी कॅनकडे पाहिलं. डोंगर उलटा होता. कॅनच्या तळाशी थोडं उरलं होतं ते गटगट करून गेलं. खरं म्हणजे ते इतर पाण्यासारखंच दिसत होतं, आणि त्याचं पाणी मी केव्हाच टबात घातलं असंच तो समजत होता. त्याला तरी काय म्हणून कळावं.

“काय झालं?”

“काही नाही. चहा टाकते.”

भाजी केली. पानं, देठ सोलून, चिंच, गूळ, डाळ, दाणे, खोबऱ्याचे काप. सगळं ताज्या पाण्यात. त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि फोन येतो का, कोणी साहेब येतो का, म्हणून मी दाराकडे बघितलं. कोणी आलं नाही. त्याने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग जरा थांबला.

“डाळ कच्ची राहिलीय का गं?”

“पाणी कठीण आहे इथलं.”

“मग आता?”

“शनिवारी आणायला जाऊ. दुकान आहे.”

“मी धरतो कॅन,” तो म्हणाला आणि वाटी पुढे केली. त्याने तीन वाट्या भाजी खाल्ली. चण्याची डाळ दाताखाली कचकच वाजत होती, ते मला समोर बसून ऐकू येत होतं.

रविवारी सकाळी नेहमीच्या वेळेला मी हातातलं काम टाकून फोनपाशी जाऊन बसले, आणि बसल्यावर लक्षात आलं. ओट्यावर रिकामा कॅन वाळायला उपडा ठेवला होता. बाथरूममधून तो ओरडून विचारत होता की या साबणाला फेस का येत नाही. त्याचा आवाज फोनवर असायचा त्यापेक्षा जाड होता. हे इतक्या वर्षांत मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. त्याने पुन्हा हाक मारावी म्हणून फोनपाशीच बसून राहिले.